एक सोडून एक पाना

ज्या वर्षी मी बन्नीमंटपाजवळ गॅरेजसाठी शेड भाड्याने घेतली, त्या वर्षी माझ्याकडे सगळं होतं, फक्त हत्यारं नव्हती. भाडं चालू झालं होतं, पाटी रंगवून झाली होती आणि आयुधपूजेला गॅरेज उघडणार, असं मी बायकोच्या माहेरापर्यंत सांगून बसलो होतो. पाने, पक्कड, जॅक असा नवा पूर्ण सेट घ्यायची ऐपत नव्हती. कुणा म्हाताऱ्या मेकॅनिकची जुनी पेटी रास्त भावात मिळवायची, एवढाच मार्ग उरला होता. 'रास्त भाव' हे शब्द त्या वर्षी मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकले की अजूनही कुणी ते उच्चारले की माझा हात आधी खिशाकडे जातो.

कडकोळच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी मला चकचकीत पाने दाखवले. प्रत्येकावर कारखान्याचा शिक्का. "निरोप समारंभात दिले," म्हणाले. निरोपाला शाल देतात, नारळ देतात, हातोडी देत नाहीत, हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही. टी. नरसीपूरच्या एका लॉरीमालकाची पेटी पुरात बुडून निघालेली होती. गंज खरवडल्याशिवाय आत पाना आहे की खिळा, ते कळत नव्हतं. "संगमाचं पाणी लागलंय त्याला," असं म्हणून त्याने त्या पुण्याचेही पैसे लावले. मी दोघांनाही नमस्कार करून परत आलो.

मग मला मेस्त्रींची पेटी आठवली. मेस्त्री म्हणजे मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते. आमच्याच रंगाऱ्यांपैकी. त्यांचा आजा कापड रंगवायचा, यांनी जन्मभर मोटारी दुरुस्त केल्या. त्यांच्या पेटीत सगळी मापं होती, एकाही पान्याचं तोंड झिजलेलं नव्हतं, आणि काम संपलं की प्रत्येक वस्तू पुसून आपल्या जागी जायची. आम्हां पोरांना त्यासाठी पाठीत धपाटे बसायचे. मेस्त्री वारले तेव्हा मी त्यांच्या पेटीकडे बघून रडलो होतो. लोकांना ते चमत्कारिक वाटलं.

मेस्त्रींचे दोन मुलगे. थोरला सरकारी ऑफिसात, धाकटा कॉलेजात शिकवायला. बापाच्या हाताला लागलेल्या ग्रीसची दोघांना लहानपणापासून लाज. पण बाप गेल्यावर त्या ग्रीसमधला आपापला हिस्सा दोघांनाही हवा झाला. घरावरून भांडण पेटलं, बोलणं बंद झालं, आणि वाटणी करायला त्यांचे मामा आले. मामा गणिताचे निवृत्त मास्तर, उंटावरचे शहाणे. पेट्या उचलायला म्हणून मला बोलावलं होतं, त्यामुळे पुढचं सगळं मी या डोळ्यांनी पाहिलं.

मामांनी जमिनीवर जाजम अंथरलं, पाने मापाप्रमाणे ओळीत मांडले आणि एक सोडून एक वाटले. आठ नंबरचा थोरल्याला, नऊचा धाकट्याला, दहाचा थोरल्याला, अकराचा धाकट्याला. "कुणावर अन्याय नको," मामा म्हणाले. जॅक थोरल्याला दिला, जॅक फिरवायचा दांडा धाकट्याला. पेटी थोरल्याला, तिचं कुलूप-किल्ली धाकट्याला. अर्ध्या मापांनी एकही गाडी पुरती खोलता येत नाही, हे मी सांगायला गेलो, तर थोरला म्हणाला, "तुला बोलवलं ते उचलायला. मध्ये तोंड घालू नको."

सगळं वाटून झाल्यावर काकू उरल्या. काकू म्हणजे मेस्त्रींची बायको. मामांनी तीच रीत चालू ठेवली. एक महिना थोरल्याकडे, एक महिना धाकट्याकडे. काकू तिथेच भिंतीला टेकून अवरेकाळूच्या शेंगा सोलत होत्या. त्यांना कुणी विचारलं नाही. पान्यांनाही विचारलं नव्हतं म्हणा.

तर अशा या पेटीसाठी मी थोरल्याच्या दारात गेलो. अडला हरी गाढवाचे पाय धरी, दुसरं काय. त्याने कॉफी दिली, खुर्ची दिली आणि म्हणाला, "नोडप्पा, हे बघ, तू आमच्याच घरचा. तुझ्याकडनं जास्त घेऊन मला काय करायचं आहे? रास्त काय ते दे. पण आधी धाकट्याचं घेऊन ये. आमेले, मागाहून, माझं बोलू."

धाकट्याकडे गेलो. तिथेही कॉफी. तिथेही मी घरचाच. "सरि," तो म्हणाला, "माझी काही हरकत नाही. थोरल्याकडनं घेतलंस की ये. त्याचं झाल्याशिवाय मी हात लावणार नाही. अष्टे, एवढंच."

दोघं बोलत नव्हते, पण डोकं एकच होतं. पहिला अर्धा भाग मी विकत घेतला की दुसऱ्या अर्ध्यावाचून माझे पैसे बुडणार. मग दुसरा भाऊ मागेल तो भाव. म्हणून दोघांनाही दुसरं व्हायचं होतं. लहानपणी पहिल्या नंबरासाठी एकमेकांची डोकी फोडणारे हे दोघे आता शेवटच्या नंबरासाठी हटून बसले होते. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. ज्याने ही म्हण केली त्याला असले भाऊ भेटले नसावेत. सायकल मारून माझ्या पोटऱ्या भरून आल्या, शेडचं भाडं जात राहिलं, आणि त्या दोन घरांतली कॉफी मला नकोशी झाली.

या सगळ्या बोलण्यात काकू आतल्या दारापाशी असायच्या. ज्या महिन्यात ज्या घरी असतील त्या घरच्या दारापाशी. कधी बोलल्या नाहीत.

एका महिन्याच्या पहिल्या तारखेला माझ्या शेडपुढे घोड्याचा जटका थांबला. घर बदलायच्या दिवशी मुलगे काकूंना जटक्यात बसवून द्यायचे. सोबत कुणी यायचं नाही, कारण दुसऱ्याच्या दारात पाय ठेवायचा नव्हता. काकू हळूहळू उतरल्या, कपड्यांची पिशवी जटकेवाल्याकडून आत आणवली आणि दोन लुगड्यांच्या मधून फडक्यात बांधलेले पाने काढून माझ्यापुढे ठेवले. आठ, दहा, बारा.

"काकू, हे काय केलंत?"

"माझ्या नवऱ्याचे आहेत," काकू म्हणाल्या. "नव्याला बाजारात काय पडतं, त्याच्या निम्मे देशील. मेस्त्री जुनी पेटी घ्यायचे तेव्हा निम्मेच द्यायचे. तू कमी करू नको, मी वाढवत नाही. आणि पैसे आत्ता बेडा, नकोत. सगळं आलं की एकदम दे."

सबंध वर्षात मी केलेला तेवढाच सौदा, जो कॉफीशिवाय आणि घरचा माणूस न होता झाला. मला फार बरं वाटलं. भीतीही वाटली, पण बरं जास्त वाटलं.

पुढे दर महिन्याला जटका थांबायचा. थोरल्याकडून निघाल्या की बेकी अंकांचे पाने, धाकट्याकडून निघाल्या की एकी अंकांचे. दोन्ही घरांत कुणाला पत्ता लागला नाही. पेटीला कुलूपच नव्हतं, ते वाटणीत धाकट्याला गेलं होतं. धाकट्याने आपला हिस्सा माळ्याखाली पोत्यात टाकला होता आणि किल्ली मात्र जानव्याला बांधून फिरत होता. म्हाताऱ्या बाईची पिशवी जड का झाली, हे विचारायला ती पिशवी आधी उचलावी लागते. ती जटकेवाल्याशिवाय कुणी उचलली नाही.

दसऱ्याचा महिना लागला त्या दिवशी काकू थोरल्याकडून निघाल्या. जॅक जटकेवाल्याने पिशवीसकट खांद्यावर आणला. मी सगळे पाने ओळीने मांडले, एकही माप चुकलेलं नव्हतं. पैसे काकूंच्या हातात दिले. त्यांनी न मोजता कनवटीला लावले.

"धाकट्याकडे सोडून येऊ का?" मी विचारलं.

"नको. टी. नरसीपूरच्या बसमध्ये बसवून दे. बहीण एकटी आहे तिथे. तिच्याकडे बारा महिने एकाच जागी अंथरूण घालीन म्हणते. खाण्यापुरतं माझं मी देईन, मग कुणाची मिंधी नाही."

"घरी काय सांगू?"

"विचारतील तेव्हा सांग," काकू म्हणाल्या. मी त्यांना बसमध्ये बसवून आलो.

आयुधपूजेला माझी हत्यारं पाटावर मांडली होती, हळदकुंकू वाहून झालं होतं, कोहळा फोडायचा तेवढा राहिला होता. तेवढ्यात थोरला आला. बापाच्या हत्याराला वर्षात एकदा पूजेपुरता हात लावायचा त्याचा नेम होता. त्यासाठी पेटी उघडली, तर आत फडकं. मागोमाग धाकटा आला. त्याचंही पोतं रिकामं. थोरल्याला वाटलं धाकट्याने चोरलं, धाकट्याला वाटलं थोरल्याने, आणि दोघांनाही वाटलं की माल माझ्याकडेच गेला असणार. तेवढं मात्र बरोबर होतं. कित्येक महिन्यांनी सख्खे भाऊ एका छपराखाली उभे राहिले, ते मला चोर ठरवायला.

मी कुंकवाचा हात पुसला आणि सांगितलं, "काकूंनी विकली. नव्याच्या निम्म्या भावात. पैसे त्यांना दिले."

थोरला धाकट्याकडे वळला. "ऐकलंस? तुझ्या घरी बसून पैसे खाते ती. जा, विचार तिला."

"माझ्या घरी?" धाकटा म्हणाला. "ती तुझ्याकडे आहे. आली नाही तेव्हा मला वाटलं, तू सणासाठी ठेवून घेतलीस."

आई आली नाही तेव्हा त्याला सुंठेवाचून खोकला गेला असंच वाटलं असणार. आईला घरातून निघून आठवडा उलटून गेला होता. माझा संताप इतका अनावर झाला की हातातला कोहळा मी खाली ठेवला. आता तरी त्या कुठे आहेत, एवढं विचारतील, म्हणून मी वाट पाहिली. विचारलं असतं तर सांगणारच होतो, काकूंनी तसंच सांगितलं होतं.

थोरल्याने घसा साफ केला.

"सगळे पैसे घेऊन गेली का?" त्याने विचारलं.