उरलेलं पाणी आणि सोजरबाईंचं इंग्रजी

“सेक्रेटरी, दूध मापा की! म्हशीनं दिलंय ते, इंग्रजीनं न्हाई,” सोजरबाई किटली आपटत म्हणाल्या.

“आधी शब्द. आपलं गाव कसंय?”

“ड्राय.”

“आन् पाण्याची हीर?”

“एम्प्टी. घ्या आता, नासंल न्हाईतर!”

मी किटली घेतली. आष्टी तालुक्यातल्या एका सहकारी दूध संस्थेचा मी सेक्रेटरी होतो. काम साधं. दूध मापायचं, फॅट काढायची, म्हणजे त्यात स्निग्धांश किती ते बघायचं, आणि लॅक्टोमीटर सोडायचा. ही काचेची नळी दुधात तरंगते. कुणी पाणी घातलं असेल तर खोल बुडून चहाडी करते. त्या दुष्काळात तिला कामच उरलं नव्हतं. घालायला पाणी होतं कुणाकडे? दूध एवढं शुद्ध झालं, की नळी त्यावर आडवी होऊन झोप काढायची. खोटं वाटेल, पण आमच्या चिमण्या पाणी प्यायला एसटीनं नगरला जायच्या, आणि कंडक्टर त्यांना हाफ तिकीट फाडायचा.

थट्टा सोडा. अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं. जे मागे राहिले, ते म्हशींसाठी राहिलेले, आणि म्हशींसाठी चारा नव्हता. चारा आला नाही तर म्हशी बाजारात जाणार. म्हशी गेल्या की संस्थेला कुलूप.

आशा एकच होती. दक्षिणेकडची एक संस्था दूध संस्थांना छावणी काढून देत होती. छावणी म्हणजे जनावरं एका जागी बांधून त्यांना चारा-पाणी द्यायचं ठिकाण. त्यांच्या मॅडम पाहणीला येणार होत्या. त्यांना ना मराठी येत होतं, ना धड हिंदी. वर त्यांची अट अशी, की पुढाऱ्यानं बोलायचं नाही, दुभाष्या ठेवायचा नाही, सभासदांनी स्वतः बोलायचं. सोपं इंग्रजी चालेल.

हे ऐकून आमचे चेअरमन आण्णा आजारीच पडायचे बाकी राहिले. आण्णा भाषणाला उभे राहिले, की ते नाही, माइक दमायचा.

“मी गप बसू? मग दुष्काळ सांगणार कोण बे?”

“बाया सांगतील, आण्णा. इंग्रजीत.”

आण्णा एवढे हसले, की बाभळीला उरलेली चार पानंही गळून पडली.

पण मी शाळा उघडलीच. दुधाच्या रांगेत. गावाचे शब्द वेगळे: ड्राय, हॉट, एम्प्टी. माणसांचे वेगळे: थिन, ओल्ड, ऑनेस्ट. मनाचे वेगळे: सॅड, टायर्ड, वरीड. पाहुणीचं स्वागत करायला गुड आणि हॅपी. शब्द सांगितल्याशिवाय माप नाही. मनाच्या शब्दांनी फार छळलं.

“वरीड म्हंजे?” सोजरबाईंनी विचारलं.

“काळजीत असणं.”

“त्याला शबूद कावून लागतो? तोंड बघून कळत न्हाई व्हय त्यास्नी?”

पण शिकल्या. पुढे पुढे तर म्हशीला हाक मारताना “ये गं थिन” म्हणू लागल्या, आणि म्हैस ओ देऊ लागली.

मॅडम आल्या. बायका डोक्यावर पदर घेऊन रांगेत उभ्या. आण्णा तोंडात पान कोंबून एका बाजूला बसले. मीच कोंबायला लावलं होतं. मॅडमनी थेट सोजरबाईंना गाठलं. सोप्या इंग्रजीत विचारलं, गाव कसं आहे?

“गुड!” सोजरबाई म्हणाल्या.

मॅडमनी पुढे विचारलं. माणसं कशी आहेत?

“लई गुड!”

आणि तुम्हाला कसं वाटतं?

“हॅपी! व्हेरी हॅपी!” मागची सगळी रांग ओरडली, “हॅपी!”

मी मागून कुजबुजलो, “अवो, ड्राय म्हणा, ड्राय! काय झालं तुमाला?”

सोजरबाईंनी मलाच डोळे वटारले. “पाव्हणी पहिल्यांदा दारात आली. तिच्या तोंडावर रडायचं? आमच्यात न्हाई तसं.”

झालं. अख्खा दुष्काळ शिकवला, आणि पाहुण्यापुढे दुखणं काढायचं नाही, हा रिवाज मी विसरलो. मॅडमचा चेहरा सांगत होता, की इथे सगळं ठीक दिसतंय, पुढच्या गावाला जाऊ. आण्णा पान बाजूला सारून पुटपुटले, “सेक्रेटरी, गेली छावणी. आता म्हशीला इंग्रजीच चारा.”

निघण्याआधी सोजरबाईंनी रीतीप्रमाणे गूळ आणि तांब्याभर पाणी आणलं. मॅडमनी गूळ खाल्ला, पेल्यातलं अर्धं पाणी प्यायल्या, आणि शहरातल्या माणसाच्या सवयीनं उरलेलं मातीत ओतायला पेला तिरका केला.

“नो!”

रांगेतून असा आवाज उठला, की आष्टीच्या स्टँडवर ड्रायव्हरनं ब्रेक दाबला असेल. सोजरबाईंनी झेप घेऊन पेला धरला. “नो वाटर! हीर एम्प्टी! गाव ड्राय!” आणि ते उष्टं पाणी, थेंब न सांडता, त्यांनी रेडकाच्या घमेल्यात ओतलं. रेडकानं घमेलं चाटून पुसून काढलं.

मॅडम थबकल्या. माझ्यावर रागावलात का, असं हळूच विचारलं.

सोजरबाईंनी नाही म्हणून मान हलवली. म्हशीकडे बोट केलं, “थिन.” मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला, “वरीड. लई वरीड.” मग मॅडमचा हात धरून हसल्या, “तुमी आले... हॅपी.”

तीन शब्द, तिन्ही खरे. मॅडम परत खाली बसल्या. मग गोठे पाहिले, विहिरीत वाकून पाहिलं, आणि ऊन उतरेपर्यंत हलल्या नाहीत.

लवकरच उसाच्या वाढ्यांचे, म्हणजे शेंड्याकडच्या हिरव्या चाऱ्याचे ट्रक आले. आमचीच माणसं तिकडे ऊस तोडत होती, त्याचीच वाढं असतील कदाचित. छावणी उभी राहिली, म्हशी वाचल्या, संस्था चालली. पुढच्या वार्षिक सभेत आण्णांनी सविस्तर भाषण करून सांगितलं, की ही छावणी केवळ आपण स्वतः गप बसल्यामुळे मिळाली. खोटं नव्हतं, म्हणून कुणी टाळी वाजवली नाही.

मी मात्र एवढं शिकलो: शब्द पाठ करून घेता येतात, पण ते मनापासून तोंडातून यायला कुणीतरी उरलेलं पाणी ओतायला निघावं लागतं.