विडु आणि वीडु

बाळू, मी निघाले त्या दिवशी तू एसटीच्या मागं पळत आला होतास, आणि आई चिडून म्हणाली होती, "चेंडू मारायला कुणी मद्रासला जातं का?" चौथीत शाळा सुटलेली, ताडासारखी वाढलेली पोर. लग्न जमेना म्हणून आबांनी जाऊ दिली. तुम्ही आता सत्कारात सांगता तसं मोठ्या मनानं कुणी पाठवलं नव्हतं.

जत्रेतल्या सामन्यात माझी उडी कुणी पाहिली, म्हणून इथं एका ऑफिसच्या व्हॉलीबॉल संघात घेतलं. तमिळ शून्य. हॉस्टेलच्या स्वयंपाकीणबाईनं पहिला शब्द शिकवला: वीडु, म्हणजे घर. त्याच आठवड्यात सामना. चेंडू माझ्या डोक्यावरून बाहेर चाललेला आणि मागून आमच्याच संघातली सेल्वी ओरडली, "विडु! विडु!" मला वाटलं, ही मला घरी जा म्हणते. पेटलेच. उडी मारून हात घातला. चेंडू जाळ्यात, सामना गेला. वर मी मराठीत ओरडले, "नाही जाणार घरी, काय करशील?"

नंतर कळलं, ऱ्हस्व विडु म्हणजे सोड. बाहेर जाणारा चेंडू सोड, एवढंच ती सांगत होती. पुढं त्याच सेल्वीनं उचलून दिलेल्या चेंडूंवर मी देशासाठी खेळले, परदेशांत जिंकले, हरले, गुडघे घालवले.

मद्रासचं चेन्नई झालं, आणि तुझा दर रविवारी फोन: "आक्का, आता घरी ये. तिथं तुझं आहे कोण?" माझ्यासाठी खोली बांधलीस म्हणे. वरच्या मजल्यावर! जिना काय तुझ्या खांद्यावर बसून चढू? सत्काराच्या फलकावर मला बास्केटबॉलपटू केलंत. विचारलं तर म्हणालास, "चेंडू तो चेंडूच की." जन्मभर मी काय केलं ते तुम्हाला ठाऊक नाही, पण मी कुठं मरायचं ते ठरवून मोकळे.

इथलंही मला कौतुक नाही. टी. नगरमागच्या या दोन खोल्यांत पाणी लहर लागली तर येतं. सांबाराचा वीट आलाय. पण समोरच्या खोलीत सेल्वी राहते. माझ्यासाठी भाकरी थापते. जाड, कडेला कच्ची. मी शिव्या देत खाते.

काल तू पुन्हा सुरू झालास. मीही आवाज चढवला. सेल्वी तिच्या दारातून वैतागून ओरडली, "विडु!" सोडून दे म्हणत होती.

तू विचारलंस, "कोण गं ती? काय म्हणते?"

"घर म्हणते," मी म्हटलं आणि फोन ठेवला.