शिवणमावशीचं नाक

दवाखान्यातला पडदा उघडतो तेव्हा डॉक्टरांच्या टेबलाशी आमच्या नाटक कंपनीची शिवणमावशी बसली आहे. नाकात बसवायचा सिलिकॉनचा पांढरा तुकडा ती कापड पारखावं तसा चिमटीत चोळते आहे.

"अगं, कापडाच्या दुकानात आलीस का?" मी शेजारून म्हटलं.

"तू गप गं!"

लहानपणी पडून तिचं नाक मध्येच बसलं होतं. त्यावर चष्मा टिकेना, आणि चष्म्याशिवाय सुईत दोरा जाईना. शिवणकाम सुटेल, या धास्तीनेच ती साठीत नाक नीट करून घ्यायला निघाली होती.

"हे अंगाला मानवेल ना?"

"बहुधा," डॉक्टर म्हणाले. "पण कधी सरकतं, कधी चिघळतं. त्याऐवजी बरगडीची कूर्चा, म्हणजे लवचीक हाड, घेतली तर ती तुमची स्वतःचीच, पण छातीवर व्रण राहील. तुम्हाला थोडीशीच लागेल, ती कानामागूनही निघेल."

मावशीचा चेहरा उजळला. राजाचा अंगरखा फाटला की ती त्याच्याच आतल्या शिवणीतलं कापड काढून ठिगळ लावायची. पहिल्या रांगेतूनही ते ओळखू येत नसे.

"मग कानामागूनच घ्या." तिने सिलिकॉन परत ठेवलं. दाराशी पोचल्यावर मात्र ती वळली.

"आणि डॉक्टर, उरलेलं फेकू नका हं. पुढेमागे ठिगळाला लागतं."