आर्डिसच्या पुंगळ्या

आर्डिस हाउगनला निरोप द्यायचं सगळ्या गावानं ठरवलं, फक्त आर्डिसला कुणी विचारलं नाही.

सॉल्ट फोर्कच्या चर्चच्या तळघरात ऑक्टोबरातल्या एका रविवारी जेवण होतं. टेबलावर गोमांसाचं भट्टीत भाजलेलं हॉटडिश, लेफ्सा म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, रूबार्बच्या आंबटगोड पेस्ट्र्या आणि डांबरासारखी कॉफी. क्लबचं नेहमीचं हंगाम-अखेरचं जेवण असेल असं समजून आर्डिस लेफ्सावर लोणी फासत बसली होती. तेवढ्यात तिचा धाकटा दीर ऑर्लिन उभा राहिला. गावातल्या काळ्या दारूच्या रायफलींच्या क्लबचा अध्यक्ष तोच. म्हणजे बंदुकीची जुन्या पद्धतीची काळी दारू स्वतःच्या हातानं काडतुसात भरायची आणि आजोबांच्या काळच्या धाटणीची एकबारी रायफल लांबवरच्या लोखंडी निशाणांवर चालवायची, असा नाद असलेल्या माणसांचा क्लब. आर्डिस त्यातली सगळ्यात जुनी बाई.

ऑर्लिननं घसा खाकरला, दोन विनोद केले, कपाळावरचा घाम पुसला आणि कापडाखाली झाकलेली लाकडी पाटी वर केली. अक्रोडाचं गुळगुळीत लाकूड, त्यावर कोरलेलं तिचं नाव, आणि नावाभोवती सूर्याच्या किरणांसारख्या लावलेल्या पितळी पुंगळ्या. काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या, घासून आरशासारख्या केलेल्या.

"आपल्या आर्डिसला, इतक्या वर्षांच्या नेमबाजीबद्दल, आपल्या सगळ्यांकडून!"

टाळ्या पडल्या. आर्डिसनं पाटी हातात घेतली, चांगल्या डाव्या डोळ्याजवळ नेली आणि एका पुंगळीच्या बुडावरून अंगठा फिरवला.

"या माझ्या आहेत," ती म्हणाली.

"तुझ्याच! म्हणून तर. जनेलनं पेटी काढून दिली."

जनेल तिची मुलगी, शेजारीच बसलेली. तिनं हसून आईच्या पाठीवर हात ठेवला. तो आर्डिसनं झटकला नाही, पण तिची पाठ लाकडासारखी ताठ झाली.

"स्क्रू कुठून घातलेत?"

"बुडातून," ऑर्लिन खुशीत म्हणाला. "भोक मोठं करून. पक्कं काम आहे, हलायचं नाही."

"कोण मेलं रे, ऑर्लिन?"

तळघरात कुणाचा तरी चमचा बशीवर आपटला.

"अगं, मेलं कुठे कोण..."

"मग हे थडगं कुणाचं बनवलंय?" असं म्हणून तिनं पाटी काखेत मारली, कोट उचलला आणि रूबार्बच्या पेस्ट्रीला हातही न लावता घरी गेली.

उजवा डोळा तिचा उन्हाळ्यात गेला होता. एका सकाळी उठली तर डोळ्यासमोर करडा पडदा. बिलिंग्ज शहरातल्या डॉक्टरांनी शर्थ केली, पण तो पडदा काही हटला नाही. पुढच्याच महिन्यात तिनं ट्रक कुंपणाच्या खांबावर घातला. जनेल तेव्हापासून धास्तावलेली. बाप गेलेला, आई माळरानावरच्या घरात एकटी, त्यात एका डोळ्यानं आंधळी. ऑर्लिन म्हणाला, तिची नेमबाजी मानानं थांबवू या, आणि जनेलला ते पटलं. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं, आणि म्हणूनच आर्डिसच्या अंगाचा जास्त तिळपापड झाला. वाईट मनाच्या माणसाला निदान शिव्या तरी घालता येतात.

जनेल मागोमाग घरी आली. आर्डिस पकडीनं पुंगळ्या उपटत होती.

"आई, पितळच आहे ते. दुकानात मिळतं."

"दुकानात मिळतं ते दुकानाचं असतं," आर्डिस म्हणाली. "पुंगळी एकदा माझ्या रायफलीत फुटली की त्या नळीच्या घरात फुगून बसते, तिच्या मापाची होते. दुसऱ्या रायफलीत ती धड जाणारही नाही. तुझा बाप आणि मी निवडून निवडून त्या जमवल्या होत्या. एकेक घासून, तोंड कापून, ताव देऊन. आणि तू त्या पेटीसकट उचलून दिल्यास."

"तू आता नेम कसा धरणार होतीस? उजवा डोळाच..."

"मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

जनेल रडली. आर्डिस रडली नाही. सगळ्या पुंगळ्या निघाल्यावर तिनं बुडं पाहिली. ठिणगी पाडणारी टोपी बसते ती जागाच पोखरून काढलेली. एकही कामाची उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती फ्लॉइडकडे गेली. फ्लॉइड धान्याच्या कोठारावर जन्म काढलेला म्हातारा, आर्डिसच्या गेलेल्या नवऱ्याचा, मर्लचा, जुना दोस्त. तिच्या शेजारी बसून दुर्बिणीतून वारा सांगायचं काम तो करी. कानांनी पार गेलेला.

"पितळ आहे का?" आर्डिस ओरडली.

"कोण गेलं?"

"पितळ! पुंगळ्या!"

"मग तसं बोल की. मला वाटलं ऑर्लिन गेला. उगाच आनंद झाला." त्यानं गोठ्यातून कॉफीचे दोन मोठे डबे आणले. कुठकुठल्या रायफलींतल्या, कुणाकुणाच्या, हिरव्या पडलेल्या पुंगळ्या. "यांतून गोळ्या कोण मारणार?"

"मी. डाव्या खांद्यावरून."

फ्लॉइडनं तिच्याकडे पाहिलं. "तुला एक डोळा, मला अर्धा कान. दोघं मिळून एक धड माणूस पण होत नाही गं."

"दुर्बीण धरशील की नाही?"

"धरीन की. घरी बसून दुसरं करतोय काय?"

आर्डिसनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी चादर अंथरली आणि निवडायला बसली. आधी बुडावरचा शिक्का. एकाच कारखान्याच्या तेवढ्या ठेवल्या, कारण दुसऱ्याचं पितळ जाड निघालं तर आतली जागा कमी, दारू कमी मावते आणि गोळी लांबवर खाली पडते. मग तारेचा बारीक आकडा करून प्रत्येकीच्या आतून बुडापर्यंत फिरवला. कुठे आकडा अडखळला की तिथे भेग आहे, ती बाद. उरलेल्या ओंजळीत घेऊन खुळखुळवल्या. चांगलं पितळ घंटीसारखं वाजतं. चिरलेली पुंगळी मध्येच ठस्स बोलते, तीही बाद. मग वजन. दोन डब्यांतून एक वाडगाभर उरल्या. तेवढ्यानं भागणार नव्हतं, म्हणून त्याच शिक्क्याच्या कोऱ्या आणखी मागवल्या.

तावाचं काम तिनं शेडमध्ये केलं. ज्योतीवर पुंगळीचा रंग कळायला अंधार लागतो, म्हणून भरदुपारी खिडक्यांना घोंगड्या लावल्या. पसरट ताटात पाणी, पाण्यात पुंगळ्या उभ्या, आणि तोंडाशी ज्योत. तोंड मऊ हवं, म्हणजे ते चिरत नाही आणि गोळीला सैल मिठी मारतं. बूड मात्र कडकच राहिलं पाहिजे. रंग जेमतेम लाल व्हायला लागला की पुंगळी पाण्यात लोळवायची. हे काम मर्ल असताना ती बोलता बोलता करायची. आता एका डोळ्याला ज्योत कधी जवळ दिसे, कधी लांब. पहिल्या दिवशी तिनं बोट भाजून घेतलं आणि मर्लला, डॉक्टरला, ऑर्लिनला ओळीनं शिव्या घातल्या.

खांद्याचं काम त्याहून कठीण. जन्मभर उजव्या गालाला लागलेलं लाकूड डाव्या गालाला परकं वाटे. घोडा रायफलीच्या उजव्या अंगाला, तो आता वळसा घालून ओढावा लागे. हिवाळाभर ती गोठ्यात रिकामी रायफल आडव्या काठ्यांवर टेकवून भिंतीवरच्या खडूच्या ठिपक्यावर नेम धरत बसली. बर्फ वितळल्यावर खरी काडतुसं भरली. पहिल्या दिवशी निशाणाला काहीच लागलं नाही. डाव्या खांद्यावर वांग्याच्या रंगाचा डाग घेऊन ती घरी आली. जनेलनं तो पाहिला आणि भांडी जरा जास्तच आवाज करत घासली.

जूनच्या स्पर्धेला नाव द्यायला आर्डिस गेली तेव्हा ऑर्लिनचा चेहरा पडला.

"आर्डिस, सुरक्षेचा प्रश्न आहे. आधी कमिटीसमोर नीट दिसतं हे दाखवावं लागेल. नियम आहे."

"दाखव नियम."

"लिहिलेला नाही, पण..."

"मग असं कर. साठीच्या वरच्या सगळ्यांची परीक्षा घे. मी पहिली बसते. दुसरा तू."

मागे रांगेत उभे असलेले लोक खाली मान घालून बुटांकडे बघू लागले. ऑर्लिनचा हात गेली दोन वर्षं कापायचा, कॉफीचा कप तो दोन्ही हातांनी धरायचा, हे कुणाला माहीत नव्हतं? फ्लॉइडनं काहीही न ऐकता मोठ्यानं विचारलं, "काय म्हणतोय? दुसरा कोण?" मग मात्र सगळे हसले. ऑर्लिन लालबुंद झाला आणि त्यानं तिचं नाव घातलं.

स्पर्धेच्या दिवशी माळावर वारा पिसाळला होता. जवळच्या निशाणांवर आर्डिसच्या पहिल्या गोळ्या धूळ उडवत गेल्या. "डावीकडे! आणखी डावीकडे!" फ्लॉइड ओरडे, बहिऱ्या माणसाच्या आवाजात, आणि शेजारच्या जोड्यांनाही फुकटात वारा कळे. हळूहळू लोखंड वाजायला लागलं. जनेल मागे घडीच्या खुर्चीवर बसली होती, आपण इथे नाइलाजानं आलोय हे सगळ्यांना दिसेल अशा बेतानं.

आणि मग भर पाळीत पुंगळी अडकली. घोडा पडला, धूर झाला, गोळी गेली, पण पुंगळी बाहेर येईना. आर्डिसला क्षणात कळलं. ताव देताना आच खाली उतरली होती, पुंगळीचं अंगच मऊ पडलं होतं आणि ती फुगून नळीला चिकटली होती. चूक तिची, सोळा आणे तिची.

ऑर्लिन मागून आला. आवाज हळू होता, खरंच काळजीचा. "आर्डिस, पुरे आता. ऊठ. कुणी काही म्हणणार नाही."

"माझी पाळी संपली का?"

"नाही, पण..."

"मग माझ्या उजेडातून बाजूला हो."

तिनं साफसफाईचा गज नळीच्या तोंडातून घातला आणि तळहातानं ठोकला. पुंगळी हलली नाही. पुन्हा ठोकला. बोटांच्या सांध्यांवरची कातडी निघाली. तिसऱ्यांदा पुंगळी टणकन बाहेर पडून गवतात गेली. तोवर त्या पाळीचा वेळ संपत आला होता. तिनं एकच काडतूस भरलं, घाईत मारलं आणि ते चुकलं.

शेवटचं निशाण हजार यार्डांवर, लोखंडी गवा. एवढ्या लांबवर गोळी जायला इतका वेळ लागतो, की माणूस मध्ये श्वास सोडून पुन्हा घेतो. आर्डिसनं उरलेल्या काडतुसांतून, ज्यांच्या तावाबद्दल खात्री होती, तेवढीच बाजूला काढली. पहिली गोळी चुकली. दुसरीला बराच वेळ काही झालं नाही, मग माळावरून ठण्ण असा बारीक आवाज आला. फ्लॉइडला तो ऐकू गेला नाही. त्यानं गव्यावरचा रंग उडालेला दुर्बिणीत पाहिला आणि एक अशी शिवी हासडली की मागे बसलेल्या पाद्रीबाई हसल्या. त्यानंतर आणखी दोनदा लोखंड वाजलं. बाकीच्या चुकल्या.

यादीत ती बरीच खाली आली. ऑर्लिन तिच्या पुष्कळ वर होता. तो पाण्याची बाटली घेऊन आला, बांधाला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "तो गवा... मला एकदाच लागला."

"वारा चुकवलास तू."

"हो," तो म्हणाला. माफी त्यानं मागितली नाही, आणि तिनंही ती वसूल केली नाही.

काळ्या दारूची काजळी पितळ खाते, म्हणून आर्डिस तिथेच ट्रकच्या मागे बादलीत साबणाचं पाणी करून पुंगळ्या बुडवायला लागली. जनेल जवळ आली.

"जिंकली तर नाहीस. मग एवढा अट्टाहास कशाला?"

"मी थांबेन तेव्हा मी थांबेन, जनेल. ते ठरवायचं काम तुझं नाही, ऑर्लिनचं नाही, डोळ्याचं पण नाही."

"मला भीती वाटते."

"वाटू दे. मला पण वाटते. ट्रक तू चालव, तेवढं मी ऐकते."

जनेलनं चाव्या घेतल्या. आर्डिसनं बादलीतून एकेक पुंगळी काढली, पुसली, बोटानं अंग दाबून पाहिलं. ज्या मऊ वाटल्या त्या दगडावर ठेवून हातोडीनं चेपल्या, पुन्हा कुणी चुकून भरायला नकोत म्हणून. चेपलेल्यांचा ढीग चांगल्यांपेक्षा मोठा झाला. तिनं तो पाहिला, नाक मुरडलं आणि फ्लॉइडला हाक मारली.

"पितळ आहे का अजून?"

"कोण गेलं?" फ्लॉइडनं विचारलं.