लाल सोनं आणि अंगणवाडीचा फिल्टर

नांदेडात पंधरा वर्षं कोचिंगमध्ये केमिस्ट्री शिकवणारा माणूस फुकट शिकवायला निघाला की घरच्यांना काळजी वाटते. बायकोने आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. सगळा दोष नसरीन मॅडमचा. त्या इथल्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतात आणि सुट्टीत गावोगाव नॅनोतंत्रज्ञानाचा कार्यक्रम करतात. अर्धा तास प्रयोग, अर्धा तास या तंत्राने कुणाचं भलं होतं आणि कुणाला भोगावं लागतं यावर गप्पा. प्रयोग करणारे त्यांचे सहकारी ऐनवेळी मेहुणीच्या लग्नाला गेले. "सर, तुम्ही पोरांना हसवता छान, चला," मॅडम म्हणाल्या. कौतुक केलं की मी कुठेही जातो.

शनिवारी सकाळी सहाची लातूर एसटी धरली. जाणाऱ्यांनी मागच्या चाकावरची सीट टाळावी. लोह्यापर्यंत मणके टिकतात, अहमदपूरपर्यंत सांगता येत नाही. साडेतीन तास धरा, वाटेत चालकाच्या ओळखीचं कुणी भेटलं तर चार. लोह्याच्या स्टँडवर भजी खा, चहा मात्र नुसताच गोड असतो. माझ्या मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेली अळूची पानं होती. पाणी त्यांना न चिकटता कसं घरंगळतं, हा आमचा पहिला प्रयोग.

"वडी करता का हो?" शेजारच्या बाईंनी विचारलं.

"नाही, विज्ञानाचा प्रयोग आहे."

"करा की. पण चिंच घाला, न्हाईतर घसा खाजतोय लई."

चाकूर येईपर्यंत त्यांनी मला सगळी कृती सांगितली.

लातुरात उतरलं की गुणवंतांचे फलक दिसतात. एकच पोरगा तीन क्लासच्या फलकांवर हसताना पाहिला. आम्ही नांदेडकर लातूरवाल्यांवर जळतो हे खरं, पण फलकांच्या बाबतीत आमचीही काही कमी तयारी नसते. स्टँडजवळ गरम सुशीला खाल्ली (मुरमुऱ्यांची असते, गैरसमज नको) आणि एका ओळखीच्या क्लासच्या हॉलमध्ये गेलो.

दोनेकशे पोरं वह्या उघडून बसलेली. मी बाटली वर धरली. आत सोन्याचे अतिसूक्ष्म कण, आणि पाणी चक्क लाल. "सोनं पिवळं असतं, मग हे लाल का?"

पहिल्या बाकावरची मुलगी उठली. "सर, पर्याय काय आहेत?"

"पर्याय नाहीत. विचार कर."

तिने शेजारणीकडे बघितलं. मागून आवाज आला, "सर, हे सिलॅबसमध्ये हाय का?" मी म्हटलं, हे देवाच्या सिलॅबसमध्ये आहे. टाळ्या पडल्या. मग काय, मी असा सुटलो की मॅडमच्या अर्ध्या तासातली शेवटची पाच मिनिटंच उरली. त्यांनी जंतू मारणाऱ्या चांदीच्या कणांचं नुकतं सुरू केलं होतं, तेवढ्यात पुढच्या लेक्चरची घंटा झाली.

"माझा भाग खाल्लात, सर," त्या बाहेर येऊन म्हणाल्या.

"पोरं खूश होती ना?"

"खूश तर होती." त्यांनी न वाचलेली टिपणं घडी घालून पिशवीत टाकली.

रविवारी औशावरून किल्लारीच्या बाजूला निघालो. जीपमध्ये दहा माणसं बसतात असं चालक सांगतो, चौदा बसतात. आम्हाला जायचं होतं ते गाव भूकंपानंतर नव्या जागी वसवलेलं. सरळ रस्ते, एकसारखी घरं. सरपंचांनी भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पिठलं पोटभर खाऊ घातलं आणि मग शाळेत नेलं. तिथे कार्यक्रम नव्हता, ग्रामसभा होती. एक कंपनी अंगणवाडीला पाण्याचा फिल्टर फुकट देणार होती, चांदीच्या नॅनो कणांचा. ठराव आजच करायचा होता.

"नॅनोचे सर आपल्यात हायेत. तेच सांगतील," सरपंच म्हणाले.

मी काय सांगणार? उभा राहिलो आणि म्हणालो, "बिनधास्त घ्या. चांदीचे कण जंतूंचा खात्मा करतात." हात वर जायला लागले.

"थांबा जरा." अंगणवाडी सेविका कमलबाई उठल्या. चाळिशीच्या, हातात हजेरीची वही. "सर, ती चांदी पान्यात उतरून पोरांच्या पोटात जाती का? आन् आतली कांडी संपल्यावर टाकायची कुठं? उकिरड्यावर टाकली तर तेच खत रानात जातंय. जंतू मारती म्हणता, मंग मातीतलं काय मारीत न्हाई का?"

वर्गात मी प्रश्न कधी सोडत नाही. उत्तर येत नसलं की "उत्तम प्रश्न" म्हणायचं आणि विनोद करायचा, ही माझी पद्धत. तोही केला. कुणी हसलं नाही.

"बाई, मागल्या पावसाळ्यात पोरांना जुलाब झाले, इसरलात का?" सरपंच चिडले.

"मीच नेलं त्यांना दवाखान्यात. म्हणून तर इचारतेय." मग त्या माझ्याकडे वळल्या. "भूकंप झाला तवा मी लहान होते. लई मोठे साहेब आले, घरं दिली, हे पडणार न्हाई म्हणाले. पडलं न्हाई, खरं हाय. पण गळाया लागलं तवा कुनाला इचारावं तेच कळंना. आमी भीतीनं कैक वर्सं भाईर पत्र्यात झोपलो, ते कुनी इचारलंच न्हाई. तुमी उद्या नांदेडला जाल, सर."

मला खरोखर लाज वाटली. उत्तर माझ्या शेजारी बसलेल्या नसरीन मॅडमच्या अर्ध्या तासात होतं, आणि तो अर्धा तास मी आदल्या दिवशी टाळ्यांसाठी गिळला होता.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "आत्ता बिनधास्त म्हणालो, तेही चूक होतं. मॅडम, तुम्ही बोला."

नसरीन मॅडम तासभर बोलल्या. त्यांनाही सगळं माहीत नव्हतं आणि तसं त्यांनी सांगितलं. कंपनीला विचारायचे तीन प्रश्न फळ्यावर लिहिले: पाण्यात चांदी किती उतरते, त्याची तपासणी कुणी केली, आणि संपलेली कांडी परत कोण नेणार. ठराव पुढे ढकलला. सरपंच आम्हाला जीपपर्यंत सोडायलाही आले नाहीत.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, कसं झालं? म्हटलं, लातुरात टाळ्या, गावात ठराव बुडवला. मला वाटत होतं, प्रामाणिकपणा करून आलो. छाती थोडी फुगलीच होती.

तिसऱ्या आठवड्यात कमलबाईंचा फोन आला. कंपनीच्या माणसाने पहिल्या दोन प्रश्नांवर "कळवतो" म्हटलं, तिसऱ्यावर फोन उचलणं बंद केलं. कंपनीने आधीच आणून ठेवलेला फिल्टर अजून खोक्यातच होता.

"मग मुलांना काय पाजता?"

"रोज दोन घागरी उकळून. सकाळी पाचला उठते, जळण घरनं आणते," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "सर, माहीत न्हाई म्हणालात, ते बरं केलं. पण आता लवकर शिका. आमी तवर पाणी उकळतोय."