नऊ जणांचं कॅल्शियम

या धंद्यात मला ज्यांनी उभं केलं ते आमच्या लॅबमधले जुने टेक्निशियन बोरकुटे भाऊ. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. बीएस्सी आणि मग लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा करून मी एटापल्लीकडून आलो आणि गडचिरोलीतल्या एका खासगी लॅबमध्ये लागलो. तेव्हा मला शीर सापडत नव्हती. पेशंट ओरडायचे. एका संध्याकाळी भाऊंनी स्वतःची बाही वर केली आणि म्हणाले, "टोच. मी नाई ओरडत." पंधरा दिवस त्यांचे दोन्ही हात काळेनिळे होते. हे आधी सांगतो, कारण पुढे त्यांचीच चूक सांगायची आहे.

शुक्रवारी सकाळी मंदा नरोटे काउंटरवर उभी राहिली. धानोऱ्याकडची, तिशीच्या आतली. एक सिक्युरिटी एजन्सी चंद्रपूरच्या गोदामांसाठी गार्ड भरत होती आणि निवडलेल्या चौदा जणांची तपासणी आदल्या दिवशी आमच्याकडे झाली होती. मंदा त्यांतली एक.

"दादा, माह्या रिपोर्टात काय आहे? एजन्सीवाला म्हणते, तुयी किडनी जाऊन राह्यली."

"तुम्हाला काही त्रास होतो का, ताई?"

"मले काय होते! परवा पाच किलोमीटर पळाली मी. सगळ्याईच्या आधी पोचली. उद्या दुपारपर्यंत दुसरा रिपोर्ट दिला त ठीक, नाई त माह्या जागेवर वेटिंगवालीले घेतात म्हणे."

मी तिचा रिपोर्ट काढला. क्रिएटिनिन ०.८. कॅल्शियम १३.१.

इथे थोडं समजावून सांगतो. क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंच्या कामातून तयार होणारा कचरा. तो बाहेर टाकायचं काम किडनीचं. किडनी थकली की तो रक्तात साचतो आणि आकडा चढतो. मंदाचा ०.८ म्हणजे किडनी ठणठणीत. धडधाकट माणसाच्या रक्तात कॅल्शियम साधारण साडेआठ ते साडेदहा असतं आणि शरीर ते तिथून फारसं हलू देत नाही. हाडं ठिसूळ झाली तरी रक्तातला आकडा बहुधा जागेवर राहतो. ते खरोखर तेरावर गेलं तर माणसाला तहान लागत राहते, लघवीला सारखं जावं लागतं, पोट साफ होत नाही, अंगातलं पाणी कमी होतं आणि ते लांबलं की किडनीला इजा होते. एजन्सीवाल्याने त्यातलं किडनीचं तेवढं कुठेतरी ऐकलं असावं. पण असा माणूस पाच किलोमीटरच्या शर्यतीत पहिला येत नाही.

मी बाकीचे रिपोर्ट पाहिले. चौदापैकी नऊ जणांचं कॅल्शियम बाराच्या वर. क्रिएटिनिन सगळ्यांचं उत्तम. नागपूरच्या मोठ्या डॉक्टरला वर्षात क्वचित दिसावा असा आजार आमच्या लॅबला एका दिवसात नऊ वेळा सापडला होता.

तरी कुणाला शंका आली नाही. आमचे साहेब, म्हणजे लॅबचे मालक, हे डॉक्टर नव्हते. लॅबच्या आधी ते इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या विकायचे. फिटनेसच्या तपासणीत कॅल्शियम त्यांनीच घुसवलं होतं. गोदामाच्या दारावर उभं राहणाऱ्याचं कॅल्शियम कशाला मोजायचं, हे एजन्सीने विचारलं नाही आणि विचारलं असतं तर साहेबांना सांगता आलं नसतं. पॅकेजमध्ये ओळी जास्त दिसल्या की ते भारदस्त वाटतं, एवढंच त्यांचं शास्त्र. रिपोर्टवर सही करणारे पॅथॉलॉजिस्ट चंद्रपूरला राहायचे. ते महिन्यातून एकदा येऊन कोऱ्या लेटरहेडच्या गठ्ठ्यावर सह्या करून जायचे. त्यांची सही असलेल्या कागदावर उद्या बैलाला दिवस गेले असं छापलं असतं, तरी सही खरीच असती.

मी मंदाला थांबायला सांगितलं आणि कामाला लागलो. दंडाला पट्टा फार वेळ बांधून ठेवला तर कॅल्शियम थोडं जास्त दिसतं. पण थोडंच, तेरा नाही. मग वाटलं, काचेच्या नळ्या बोअरच्या पाण्याने धुतल्या असतील. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम असतंच. पण धुतलेल्या नळ्यांत रक्ताशिवाय नुसतं तपासणीचं औषध टाकून पाहिलं, तर मशीन शून्याच्या आसपास दाखवत होतं. नळ्या स्वच्छ होत्या.

फ्रीजमध्ये कालचे नमुने होते. मंदाचा नमुना काढून मी स्वतः लावला. ९.३. पुन्हा लावला. ९.४. बाकीचे आठही लावले. सगळे नॉर्मल.

म्हणजे रक्तात काही नव्हतं. जे होतं ते आमच्या टेबलावर होतं.

रजिस्टर पाहिलं. काल टेस्ट भाऊंनी लावल्या होत्या. पहिले पाच नमुने बरोबर आले होते. सहाव्यापासून सगळे चढलेले. पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये काय झालं, ते रजिस्टरमध्ये लिहिलेलं नसतं. पण आमच्या लॅबमध्ये ते सगळ्यांना पाठ होतं. साडेदहा वाजता चहा आणि चहानंतर भाऊंचा खर्रा.

आमच्याकडे खर्रा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो: सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून प्लास्टिकच्या पन्नीत मिळतो. भाऊंना ठेल्यावरचा चुना कमी वाटायचा. ते डबीतून आणखी चुना घेऊन तळहातावर उजव्या अंगठ्याने पुन्हा घोटायचे. चुना म्हणजे कॅल्शियमच. मग अंगठा पँटला पुसला की हात स्वच्छ झाला.

आता आमची पद्धत. नळीत औषध टाकायचं, त्यात रक्तातून वेगळ्या केलेल्या पाण्याचा, म्हणजे सीरमचा, अगदी बारीक थेंब टाकायचा आणि ढवळायचं. जितकं कॅल्शियम तितका रंग गडद. तो रंग मशीन वाचतं. थेंब इतका लहान, की चुन्याचा डोळ्याला न दिसणारा कणसुद्धा त्याला भारी पडतो. ढवळायला एक छोटं यंत्र असतं. आमचं सहा महिन्यांपासून बंद होतं. साहेबांना तीन वेळा सांगितलं होतं. ते म्हणाले होते, "हात आहेत ना?" म्हणून भाऊ नळीच्या तोंडावर अंगठा ठेवून ती उलटीसुलटी करायचे. मलाही त्यांनी तेच शिकवलं होतं आणि डिप्लोमा घेतलेल्या माणसाने ते मुकाट्याने शिकून घेतलं होतं. मी खर्रा खात नाही, एवढाच माझा शहाणपणा.

साडेदहाचा खर्रा झाल्यावर मी भाऊंच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

"भाऊ, एक टेस्ट लावून द्या ना."

"कोणाची?"

"पाण्याची."

"डिस्टिल्ड वॉटरची? येडा झाला का बे? त्याच्यात का निघणार आहे?"

"लावा तर खरं."

त्यांनी औषध घेतलं, पाण्याचा थेंब टाकला, अंगठा ठेवला, नळी उलटी केली. रंग चढला. मशीनने आकडा दाखवला, ३.८.

भाऊ आकड्याकडे पाहत राहिले. "पाण्यात कॅल्शियम कुठून आलं?"

"आता साबणाने हात धुऊन पुन्हा लावा."

त्यांनी धुतले. पुन्हा लावली. ०.१.

त्यांनी नळी स्टँडमध्ये ठेवली. मग अंगठ्याकडे पाहून म्हणाले, "किती जण होते?"

"नऊ."

"साहेबाले नको सांगू. मी मायं पाह्यतो."

"उद्या दुपारी त्यांची यादी बंद होते, भाऊ. तुम्ही काय पाहणार?"

"तूच सांग मंग. मोठा शिकलेला झाला तू."

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीत मागे रेलले.

"रिपोर्ट गेला तो गेला. आता चूक झाली म्हटलं तर एजन्सी पुढची बॅच देईल का?"

"पण साहेब, नऊ माणसं धडधाकट आहेत."

"मग चांगलंच आहे ना! त्यांना आठ दिवस गोळ्या लिहून देऊ. आठ दिवसांनी पुन्हा तपासू. नॉर्मल येईल. लॅबचंही नाव, त्यांचंही काम."

"गोळ्या कशाच्या?"

"कशाच्याही. तू टेक्निशियन आहेस, तू सांग."

न झालेला आजार बरा करण्यात आमच्या साहेबांचा हात धरणारा मी अजून पाहिलेला नाही.

मी बाहेर येऊन पॅथॉलॉजिस्टना फोन लावला. त्यांना नऊही जुने आकडे आणि नऊही नवे आकडे वाचून दाखवले. ते म्हणाले, "नवे बरोबर वाटतात. छापून टाक. सही आहेच ना त्यावर?" आयुष्यात पहिल्यांदा त्या गठ्ठ्याबद्दल मला बरं वाटलं आणि लगेच त्याची लाजही वाटली. नऊ सुधारित रिपोर्ट छापले. खाली कारण लिहिलं: "नमुना मिसळताना टेक्निशियनच्या हाताला लागलेल्या चुन्यामुळे पहिला आकडा चुकला. मिसळण्याचं यंत्र बंद असल्याने ही वेळ आली." मंदाच्या हातात रिपोर्ट दिला, बाकीचे आठ तिच्याकडेच सोपवले.

तिने कारण वाचलं. "म्हंजे खर्रा कोणी खाल्ला, अन् किडनी मायी गेली?"

मी मान डोलावली.

"बरं झालं बाप्पा, नोकरी नाई गेली," ती म्हणाली आणि चंद्रपूरच्या बसकडे पळाली.

नऊही जण लागले. एजन्सीने लॅबकडून लेखी खुलासा मागितला. साहेबांनी तो टाइप करून पाठवला आणि त्याच दिवशी भाऊंना घरी बसवलं. भाऊ माझा फोन उचलत नव्हते. म्हणून पत्र टाकलं. ते असं होतं.

"आदरणीय भाऊ, नमस्कार.

रिपोर्टवरचं कारण मीच लिहिलं, हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मी सांगतो. यंत्र बंद असल्याचंही लिहिलं होतं. खुलाशात साहेबांनी तेवढी ओळ काढली आणि तुमचं नाव घातलं. त्या खुलाशाची प्रत मला फाइलमध्ये सापडली. तुमच्या जागेवर मला बसवलं आहे. यंत्र परवा दुरुस्त झालं. अर्ध्या तासाचं काम होतं.

मी चुकलो असं मला वाटत नाही. पण तुम्हाला एकट्याला चुकीचं ठरवलं, ते मला पटलेलं नाही. मी साहेबांना तसं सांगितलं. त्यांनी मला माझं काम करायला सांगितलं.

धानोऱ्याला नवीन लॅब निघते आहे. त्यांना रक्त काढणारा चांगला माणूस हवा आहे. मी तुमचं नाव दिलं. काय घडलं तेही सगळं सांगितलं, लपवलं नाही. ते म्हणाले, 'माणूस हुशार असेल, पण हात धुतो का?' मी हो म्हणालो. सोमवारी दहा वाजता तिथे जा.

मला खोटं पाडू नका.

तुमचा,
विलास"