समजा भाऊजी आणि बंद पडलेला डबा

आमच्या धाकट्या भाऊजींना घरात, गल्लीत आणि बाजारात सगळेच 'समजा' म्हणतात. खरं नाव कुणी विचारलं तर मलासुद्धा जरा आठवावं लागतं. त्यांचं कुठलंच वाक्य 'समजा'चा हात धरल्याशिवाय उठत नाही. भूक लागली तरी सरळ सांगणार नाहीत. स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून म्हणतील, "वहिनी, समजा एखाद्याला भूक लागली असेल तर." मीही मग म्हणते, समजा ताट वाढलंय, या.

उभा जन्म त्यांनी दुकानदारांचे काटे दुरुस्त करण्यात घालवला. खांद्याला पिशवी, पिशवीत वजनं, कानस आणि फडकं. दुकानात शिरले की मालाकडे बघायचे नाहीत, मालकाकडेही नाहीत. आधी काटा. पारड्यात काही नसताना तो बरोबर शून्यावर उभा राहिला पाहिजे. केसभर इकडे तिकडे असला की खांद्यावरची पिशवी लगेच खाली. फडक्याने पुसतील, खालचा स्क्रू फिरवतील, मान वाकडी करून बघतील. शून्यावर आला की म्हणतील, "बरोबर." हा एक शब्द मात्र ते 'समजा'शिवाय म्हणतात.

लग्न केलं नाही. म्हणजे करायचं नव्हतं असं नाही. आमचे हे होते तेव्हा त्यांनी स्थळं आणून आणून चपला झिजवल्या. प्रत्येक वेळी भाऊजींचं एकच, समजा तिला मी आवडलो नाही तर? आणि एकदा एकीला आवडले, तर समजा पुढे आवडेनासा झालो तर? शेवटी आमच्या यांनी हात टेकले.

बाजाराच्या टोकाला एका बाईंचं लोकरीचं दुकान होतं. नवरा लवकर गेला, पोर लहान, बाईंनी एकटीने दुकान ओढलं. लोकर वजनावर विकायची, म्हणून काटा आला, आणि काट्यामागून आमचे भाऊजी आले. इतर दुकानांत वर्षातून एकदा जाणारा हा माणूस तिथे सारखाच जायचा. त्या काट्याला काहीही झालेलं नसायचं हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं, बाईंनाही ठाऊक होतं. तरी दर वेळी त्या काटा पुढे सरकवायच्या आणि हे शून्य तपासायचे. येताना आणलेल्या लोकरीचे आमच्या घरात ढीगभर स्वेटर झाले, पण गोष्ट काही त्यापुढे सरकली नाही.

मग बाईंचा मुलगा मोठा झाला, नोकरी लागली, आईला आपल्या गावी घेऊन गेला. दुकानाला कुलूप लागलं. भाऊजी इतके गप्प झाले की 'समजा'सुद्धा बंद. माझ्या मुलालाच दया आली. त्याने घरातला जुना कॉम्प्युटर भाऊजींच्या खोलीत मांडून दिला, वर कॅमेऱ्याचा एक डोळा बसवला आणि रविवारी संध्याकाळी पाच वाजता बाई त्या पडद्यावर दिसायला लागल्या. काय बोलायचे देव जाणे. लोकर, काटे, गुडघे, बहुतेक गुडघेच.

गेल्या रविवारी भाऊजी खोलीतून बाहेर आले ते पांढरेफटक.

"वहिनी, समजा एखाद्या बाईने विचारलं, तुम्हाला माझ्याबरोबर राहायचं आहे की नाही, तर समजा काय सांगायचं?"

मी निवडत होते ती भाजी तशीच ठेवली. खोदून खोदून विचारलं तेव्हा सगळं कळलं. बाईंच्या मुलाची बदली दूर कुठेतरी झालीय. आईने बरोबर यायचं की परत इकडे आपल्या दुकानामागच्या खोलीत राहायचं, हे तिला ठरवायचंय. बाई म्हणाल्या होत्या, पुढच्या रविवारी मुलाला शेजारी बसवते, त्याच्यासमोर काय ते सांगा, आणि त्यात समजा नको. नाही आलात तर मी काय ते समजेन.

आठवडाभर हा माणूस आरशासमोर ओठ हलवत होता.

रविवार उजाडला. मुलगा आणि सून नातीला घेऊन सुनेच्या बहिणीकडे गेलेले. घरात आम्ही दोघंच. भाऊजींनी सकाळीच दाढी केली, शर्टाला इस्त्री केली, आणि मग फडकं घेऊन कॉम्प्युटरच्या मागे लागले. पडदा पुसला, डोळा पुसला, टेबलाखालचा तो मोठा डबा ओढून पुढून मागून पुसला. पाहुणे यायचे असल्यासारखं. मी म्हटलं, बाई पडद्यातून येणार, डब्यामागून नाही. ते ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते.

चार वाजून गेल्यावर त्यांनी डब्याचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं, मग अंगठ्याने दाबून धरलं. ढिम्म. ना आवाज, ना काही.

"वहिनी," भाऊजी म्हणाले, "समजा हा गेला असेल तर?"

मी मुलाला फोन लावला. माझा फोन साधा, बटणांचा, भाऊजींचाही तसलाच. मुलगा लग्नाच्या पंगतीत बसल्यासारख्या गोंगाटात होता. त्याने विचारलं, आई, लाइट आहे का? मी म्हटलं, आहे की, ट्यूब लख्ख जळतेय. तो म्हणाला, घरातली नाही गं, कॉम्प्युटरची लाइट. मी वाकून पाहिलं. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात पिवळा ठिपका लुकलुकत होता. सांगितलं, आहे, पिवळी. तो म्हणाला, म्हणजे करंट येतोय. पंखा फिरतोय का? मी वर बघून म्हटलं, फिरतोय, तीनवर आहे.

आता मला कोण सांगणार की त्या डब्याच्या पोटातही एक पंखा असतो. माणसाला उकडतं म्हणून पंखा, डब्याला कशाला? पण मुलाने ते खरं धरलं आणि तो भलत्याच रस्त्याला लागला. म्हणाला, पंखा फिरतोय, लाइट आहे, तरी चित्र नाही, म्हणजे वायर सैल असेल. मग आम्ही वायरी काढल्या आणि घातल्या. भाऊजी टेबलाखाली, मी वरून फोन धरून. तो मला सांगणार, मी भाऊजींना सांगणार, भाऊजी 'समजा ही नसेल तर' म्हणणार, ते मी पुन्हा त्याला सांगणार. मधेच त्याने विचारलं, मागे एक छोटं काळं बटण आहे ना, ते नीट आहे का बघा. मी ओरडून विचारलं. टेबलाखालून उत्तर आलं, "बरोबर." मी म्हटलं, बरोबर आहे म्हणतात. मुलगा म्हणाला, मग मदरबोर्ड गेला असेल.

मी म्हटलं, आता यात आईला कशाला ओढतोस.

तो हसला नाही. म्हणाला, आई, रविवारी दुकान बंद असतं, उद्या माणूस पाठवतो, काकांना सांग काळजी करू नका. काकांना काळजीच करायची होती ती आज पाच वाजताची, उद्याची नव्हे. पण ती गोष्ट भाऊजींनी मुलाला सांगितलेली नव्हती, आणि मलाही सांगू नका म्हणून खुणावत होते. मी फोन ठेवला.

मग मीच डोकं चालवलं. म्हटलं, बाईंना फोन करा, सांगा डबा बिघडलाय.

"नंबर नाही."

इतक्या वर्षांत नंबर घेतला नाही?

"समजा मागितला असता आणि त्यांना राग आला असता तर?"

मी कपाळाला हात लावला. आमच्या मुलाकडे मागू म्हटलं, तर समजा त्याने कशाला हवाय विचारलं तर, म्हणून तेही नको. म्हटलं, वरच्या मजल्यावरच्या मास्तरांकडे कॉम्प्युटर आहे, चला. तर म्हणे, समजा मास्तर, मास्तरीणबाई आणि त्यांची सासू तिथेच बसून राहिली, तर असलं बोलायचं कसं? ती सासू खरंच उठली नसती.

भाऊजी टेबलाखालीच मांडी घालून बसले. इस्त्रीच्या शर्टावर धुळीचा पट्टा. घड्याळाकडे बघत नव्हते, पण मान सारखी तिकडे वळत होती. म्हणाले, समजा हे असंच व्हायचं असेल. समजा मी तिथे दिसलो नाही, तर त्यांनाही बरंच, मुलाबरोबर जातील, तिकडे नातवंडं होतील. हे ऐकून माझा जीव तुटला आणि रागही आला. डबा बिघडल्याचं त्यांना दुःख होतं की सुटका वाटत होती, हेच मला कळेना. त्यांनाही कळत नसावं.

मी खुर्चीला धरून कशीबशी खाली बसले. गुडघे कुरकुरले. म्हटलं, दाखवा मला ते बरोबर असलेलं बटण. त्यांनी बोट लावलं. डब्याच्या मागे, वायर खुपसतात त्याच्याशेजारी, एवढंसं काळं बटण. एका बाजूला उभी रेघ, दुसऱ्या बाजूला शून्य. शून्याची बाजू दाबलेली.

मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, मला रेघ आणि शून्य यातलं एवढंच कळतं की दोन्ही कमीच. पण बटण चकचकीत होतं. बाकी डब्यामागे कोपऱ्याकोपऱ्यात धूळ राहिली होती, बटण मात्र पुसून ठेवल्यासारखं.

"भाऊजी, याला तुम्ही हात लावलात?"

"सकाळी पुसलं ना. एकावर गेलेलं होतं. शून्यावर आणून ठेवलं."

"का?"

माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं की जणू मी विचारलं, चपला पायात का घालायच्या.

"रिकामा असताना शून्यावरच पाहिजे."

डोक्यात गुंता झाला होता तो एकेक धागा ओढून बघत होते. म्हटलं, गेल्या रविवारी बाई दिसल्या?

"दिसल्या."

तेव्हा हे कशावर होतं?

"एकावर असेल. मला काय माहीत. तेव्हा मी मागे बघितलं नव्हतं."

मग एकावर करा.

ते मागे सरकले. म्हणाले, शून्य म्हणजे बरोबर, वहिनी. समजा एकावर केलं आणि आतलं काही जळलं तर? समजा आधीच चुकीचं एकावर होतं म्हणून हळूहळू बिघडत आलं असेल तर? हे ऐकून क्षणभर मलाही वाटलं, असेल बाई. माणूस जन्मभर काट्यांत राहिलेला, मला कशातलं काय कळतं. मी हात पुढे केला होता तो मागे घेतला. दोघंही त्या एवढ्याशा बटणाकडे बघत बसलो, सापाकडे बघावं तसं.

बाहेरच्या खोलीतल्या घड्याळाने पाचाचे ठोके दिले.

मी म्हटलं, "भाऊजी, तुमचे समजा संपेपर्यंत ती बाई खुर्चीवरून उठून जाईल. दाबायचं तर दाबा, नाहीतर शर्ट बदलून चहाला या."

भाऊजींनी डोळे मिटले आणि दाबलं.

काहीच झालं नाही. मग आठवलं, पुढचं बटण दाबायचं राहिलंय. ते मी दाबलं, खुर्चीचा आधार घेऊन उठता उठता. डबा घुरघुरला. आत पंखा फिरायला लागला, तेव्हा मला कळलं मुलगा कुठला पंखा विचारत होता. पडदा निळा झाला, मग काळा, मग पुन्हा निळा, आणि भाऊजी टेबलाखालून निघताना डोकं आपटून घेऊन खुर्चीवर बसले.

मी दारामागे गेले. लांब नाही, दारामागेच.

बाई दिसल्या तेव्हा अर्ध्या उठलेल्या होत्या. मुलगा शेजारी हाताची घडी घालून. बाई म्हणाल्या, मला वाटलं आता काही येत नाही तुम्ही. भाऊजींच्या कपाळावर टेंगूळ, शर्टावर धूळ.

"बटण शून्यावर होतं," ते म्हणाले. "मीच केलं होतं."

पलीकडे दोघंही गोंधळलेली दिसली. मुलाने आईकडे बघितलं. मला वाटलं, झालं, आता हे बटणाची गोष्ट समजावत बसणार आणि मूळ गोष्ट राहून जाणार. भाऊजींनी एकदा तोंड उघडलं, मिटलं. ओठांवर तो शब्द आला होता, मला दारामागून दिसला. त्यांनी तो गिळला.

"मला तुमच्याबरोबर राहायचं आहे."

डबा तेवढा घुरघुरत होता. मग बाई मुलाकडे वळून म्हणाल्या, ऐकलंस ना, आणि पुन्हा इकडे बघून अगदी बाजारातल्या आवाजात विचारलं, दुकानातला काटा भंगारात द्यायचं ठरवलं होतं, देऊ की ठेवू?

"ठेवा," भाऊजी म्हणाले. "मी बघतो."

तिन्हीसांजेला मुलगा-सून परत आले. मुलगा आल्या आल्या भाऊजींच्या खोलीत गेला, कॉम्प्युटर चालू बघून चक्रावला. मी सगळं सांगितलं, आधी बटणाचं, मग बाईंचं. बाईंचं ऐकून सून हरखली, मुलगा मात्र बटणावरच अडकला. म्हणाला, शून्य म्हणजे बंद, एवढं साधं आहे. भाऊजी म्हणाले, शून्य म्हणजे बरोबर. दोघांची जुंपली. मला दोघांचंही पटत होतं, त्यामुळे माझा आणखी गोंधळ झाला.

शेवटी मुलगा माझ्यावर घसरला. म्हणाला, आई, मी विचारलं तेव्हा बटण बरोबर आहे असं का सांगितलंस?

मी म्हटलं, "बरोबरच होतं रे. चालू नव्हतं, एवढंच."